दोघींत एक ताट

कात्री मीच दिली. लेकीने मागितली आणि मी ड्रॉवरमधली चांगली धारेची शोधून दिली. बासमती तांदूळ तेव्हा तागाच्या पोत्यातून यायचा. रिकामं पोतं फेकायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी ती पोती धुऊन, घड्या घालून गराजमध्ये ठेवायची. त्यातलं एक तिला हवं होतं. शाळेत मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांवर प्रोजेक्ट होता आणि तिने विषय घेतला होता लढणाऱ्या संन्याशांचा. म्हणजे घरदार, लग्न, पैसाअडका सगळं सोडलेलं, पण हातात तलवार. मला वाटलं, त्यांचा पोशाख करतेय. डोकं जाईल एवढं भोक तिने मधोमध कापलं तेव्हा मी म्हटलं, "कड दुमडून टाके घालू का गं? टोचेल तुला."

"दॅट्स द पॉइंट, आई," ती म्हणाली.

मला ते नाटकापुरतं वाटलं. मी हसले आणि फोडणीकडे वळले.

ही नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहत होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि तेरा वर्षांची ही एकुलती एक लेक. घराजवळची पब्लिक शाळा चांगली होती, फुकट होती, नवरा सांगून सांगून थकला. पण माझ्या डोक्यात कॉन्व्हेंट बसलेलं. नागपुरात आमच्या रस्त्यावरून कॉन्व्हेंटच्या मुली पांढरे मोजे घालून जायच्या आणि मी नगरपालिकेच्या शाळेतून परत येताना त्यांच्या मोज्यांकडे बघत राहायची. आमच्या वस्तीतल्या एकाही पोरीला ते कॉन्व्हेंट मिळालं नाही. तेव्हा लेकीला मी सिस्टरांच्याच शाळेत घालणार होते, मग मधे कुणीही येवो. नवऱ्याने हात टेकले.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरातून उपास हद्दपार झाला. सोमवार नाही, चतुर्थी नाही, शिवरात्र नाही. वडील म्हणायचे, "आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपास काढले, तेव्हा कोणी पुण्य दिलं नाही. आता पोटभर जेवा अन् अभ्यास करा." शेजारची बाई उपास आहे म्हणाली की ते मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "काहून? घरात पीठ नाही?" आम्ही भावंडं खो खो हसायचो. मी अमेरिकेत आले ती हे सगळं बरोबर घेऊनच. आमच्याकडे उपास नसतो, हे मी असं सांगायची, जसं लोक आमच्याकडे सगळे डॉक्टर आहेत असं सांगतात.

आणि फेब्रुवारीत एका बुधवारी लेक कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आली. लेंट सुरू झाला होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचे त्यांचं चाळीस दिवसांचं व्रत. मी टिश्यू घेऊन पुसायला गेले, तर ती मागे सरकली. वर्गातल्या मुली काही ना काही सोडतात म्हणे. कुणी चॉकलेट, कुणी कोक, एकीने टीव्ही सोडला होता आणि मैत्रिणीकडे जाऊन बघत होती. आमच्या कार्टीने आधी चॉकलेट सोडलं. मी म्हटलं, सोड बाई, दातांना बरं. मग तिने भात सोडला. मग शाळेचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. विचारलं की म्हणायची, "आय एट, आई. एका मुलीचं लंच शेअर केलं." मी विश्वास ठेवला. कॉन्व्हेंटची पोरगी खोटं कशाला बोलेल?

त्याच सुमारास पुण्याच्या एका काकूंनी जेवायला बोलावलं. आमच्या मंडळींत या काकू सगळ्यांत जुन्या. त्यांचे डॉक्टर साहेब सत्तर सालाच्या आधीच इथे आलेले. नव्या आलेल्या प्रत्येकीला गादीपासून कुकरपर्यंत सगळं देणारी बाई, मलाही दिलं होतं, खोटं कशाला बोलू? गेल्यावर कळलं की त्या दिवशी महाशिवरात्र. टेबलावर साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दाण्याचे लाडू, श्रीखंड. काकू स्वतःच हसत म्हणाल्या, "अगं, एकादशी अन् दुप्पट खाशी! घ्या, संकोच करू नका."

लेकीने रिकामी ताटली हातात धरली आणि म्हणाली, "नो थँक यू. आय ॲम फास्टिंग."

"हे उपासाचंच आहे गं सोन्या."

"काकू, धिस इज नॉट अ फास्ट. धिस इज अ पार्टी."

सगळे हसले. काकूही हसल्या, पण मग त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती गुणाची पोर आहे हो! निर्जळीच म्हणायची ही. तुमच्याकडे असून बघा कसे संस्कार आलेत."

तुमच्याकडे असून. त्यांनी ते सहज टाकलं. खिचडीवर कोथिंबीर टाकावी तसं. त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल, माझ्या अजून आहे. आम्ही उपास टाकला तो काही संस्कार नव्हते म्हणून नाही, हे त्या टेबलाशी उभं राहून मला ओरडून सांगायचं होतं. सांगितलं नाही. लाडू खाल्ला. घरी जाताना गाडीत मात्र सगळा राग लेकीवर निघाला.

"हे कशासाठी चाललंय?" मी मागे वळून विचारलं. "तुला ख्रिश्चन व्हायचंय का? व्हायचं असेल तर सरळ सांग. आम्हीही धर्म बदललेलीच माणसं आहोत, मला त्याची भीती नाही. पण आपल्या घरात उपास नाही."

"मला ख्रिश्चन नाही व्हायचं."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघत सांगायला लागली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला होता. उन्हाळा, पाणी नाही, शहर पडेना. मग त्यांनी उपास धरला आणि सगळं सैन्य अनवाणी, तटाभोवती प्रार्थना करत फिरलं. तटावरून लोक त्यांना हसत होते. आणि मग काही दिवसांत शहर पडलं. "दे वेअर द बॉस ऑफ देअर बॉडीज," ती म्हणाली. "म्हणून जिंकले."

"आणि जिंकल्यावर काय केलं? तेही सांग की."

तिने खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ ओढली.

"सांग ना! आत शिरून माणसं कापली. बायका, पोरं, समोर येईल ते. मी कॉन्व्हेंटला गेले नसेन, पण वाचता येतं मला. हा तुझा उपास! पोट मारून कुणी देव होत नाही, कळलं?"

"जाऊ दे ना यार," नवरा म्हणाला. "रस्त्यावर बर्फ आहे. मला ड्राइव्ह करू दे."

पण मी थांबेन तर ना. मी बुद्ध काढला. म्हटलं, त्यानेही हे सगळं करून पाहिलं, दिवसाला एक दाणा खाऊन राहिला, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागायचा. आणि कळलं काय? की हा मार्ग नाही. गावातल्या एका बाईने खीर आणून दिली, ती त्याने खाल्ली, आणि मग कुठे डोकं चालायला लागलं. माझ्या वडिलांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली होती की मी ती त्यांच्याच आवाजात सांगितली असणार.

"बट ही डिड इट फर्स्ट," मागून आवाज आला. "यू कान्ट स्किप दॅट पार्ट, आई."

मी पुढे तोंड करून बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात जी वादावादी सुरू झाली ती उपास बरोबर की चूक, ख्रिश्चनांचा बरा की हिंदूंचा बरा, यावर. रोज जेवणाच्या टेबलावर. मी बोलत राहायची, लेक उत्तरं देत राहायची, आणि वाद संपेपर्यंत जेवण थंड व्हायचं, मग मीच ते चिडून आत नेऊन ठेवायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण मी शिताकडे बघतच नव्हते.

मार्चच्या शेवटी एका दुपारी लॅबमध्ये फोन आला. लेक जिममध्ये चक्कर येऊन पडली होती. गाडी कशी चालवली ते आठवत नाही, एका लाल दिव्याला मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की दिवा केव्हाच हिरवा झालाय. शाळेच्या नर्सच्या खोलीत ती कॉटवर पडली होती, ओठ पांढरेफटक. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सॉरी, आई." तिचा हात गार होता. मार्चच्या मिशिगनमध्ये सगळ्यांचेच हात गार असतात, असं मी मनाला सांगत राहिले.

तिला तशीच डॉक्टरकडे नेली. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, गोऱ्या, शांत. स्टेथोस्कोप लावायला त्यांनी युनिफॉर्मचा शर्ट वर केला, आणि आत तांदळाचं पोतं.

तेच पोतं. मी कात्री दिली होती ते. पोशाख नव्हताच तो, जुन्या ख्रिस्ती साधूंसारखं अंगाला टोचत ठेवायचं वस्त्र होतं. पांढऱ्या शर्टाच्या आतून, कुणाला दिसू नये म्हणून कमरेवर दोरीने बांधून ती ते शाळेत घालून जात होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. पाठीवर तांदळाच्या कंपनीचा हत्ती, अर्धा पुसलेला. डॉक्टरीणबाईंनी पोतं काढलं तर खाली मानेपासून कमरेपर्यंत लालबुंद चट्टे, काही ठिकाणी कातडी सोललेली. आणि बरगड्या. माझ्या पोरीच्या बरगड्या मला तिच्या जन्मानंतर पहिल्यांदा दिसल्या.

डॉक्टरीणबाईंनी हत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार जपून विचारलं, हे तुमच्या धर्मात असतं का?

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या."

तोंडातून निघून गेलं. त्या वर्षांत आम्हा सगळ्यांच्या मनात एक भीती कायम असायची, की इथे पोराला काही झालं की सरकारी माणसं येतात आणि मूल उचलून नेतात. कुणाला तरी, कुठे तरी झालं म्हणे, असं प्रत्येक पार्टीत कुणीतरी सांगायचं. आणि मी त्या बाईला उलट बोलले होते. पोतं टेबलावर पडलेलं. त्यांनी विचारलं असतं की हे कुणी कापलं, तर मी काय सांगणार होते? पण त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि हळू आवाजात सांगितलं की हा आता नुसता धर्माचा प्रश्न राहिलेला नाही, हे आजारपण आहे. काउन्सेलरची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळेल. तोवर ती जेवायला लागली नाही, अजून एकदा चक्कर आली, तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. नळी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लॅबमध्ये रोज असल्या पेशंटांचं रक्त माझ्याच हातून जायचं.

पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागलेला. मी रजा घेतली. पोळी, वरण, अंडं, पास्ता, पिझ्झा, जे म्हणेल ते. ती काहीच म्हणायची नाही. सूप चमच्याने ढवळत बसायची. मी आधी गोड बोलायची, मग रडायची, मग ओरडायची, आणि मग तिच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहायची, श्वास ऐकू येतो का म्हणून. नवरा बिचारा ऑफिसातून येताना रोज काहीतरी घेऊन यायचा, डोनट, केळी, एकदा आयसेलिनच्या देशी दुकानांतून कुणा मित्राकरवी मागवलेल्या बाकरवड्या. लेक म्हणायची, "थँक्स, बाबा," आणि डबा तसाच ठेवून द्यायची. तो मग एकटाच टीव्हीसमोर बसून बाकरवड्या खायचा आणि मला त्याचाही राग यायचा. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं. वाद होता तोवर ती बोलत तरी होती.

मी शाळेत जाऊन इतिहास शिकवणाऱ्या सिस्टरांना भेटले. चांगली कंबर कसून गेले होते. म्हणणार होते, पोरांच्या डोक्यात हे काय भरवता? पण समोर बसलेली म्हातारी सिस्टर माझ्याइतकीच घाबरलेली. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान मुलांना आमच्यात उपास सांगतच नाहीत, मी तिला दहादा सांगितलं, पण ती आता माझं ऐकत नाही, तिच्या त्या शिपायांचंच ऐकते. मग त्यांनी मला एक विनंती केली. तिचं वर्गातलं भाषण रद्द करू नका. ते काढून घेतलं तर तिच्याकडे काहीच उरणार नाही. मी भांडायला गेले होते, आणि दोघी एकमेकींचे हात धरून बसलो.

त्या शनिवारी दुपारी लेक खाली स्वयंपाकघरात आली. सोमवारी भाषण होतं. सवयीने तिने मला प्रेक्षक म्हणून बसवलं, म्हणजे बसवलं कसलं, मी पोळ्या लाटत होते आणि ती फ्रिजला पाठ टेकून उभी राहिली, कारण नुसतं उभं राहायला तिला जमत नव्हतं. याआधी दोनदा तिने सराव केला होता, तेव्हा मी मधेच तोंड घालून वाद काढला होता. या वेळी मी ओठ घट्ट मिटले. नुसतं ऐकायचं, असं ठरवलं. बोलतेय ना, बोलू दे.

ती सांगत होती. पांढरे झगे, वर लाल क्रूस. केस कापलेले. स्वतःच्या मालकीचं काही नाही, घोडासुद्धा नाही. शिकार नाही, खेळ नाही, बायकांकडे बघणं नाही. जेवताना बोलायचं नाही, कुणीतरी धर्मग्रंथ वाचणार आणि बाकीचे ऐकणार. आठवड्यातून तीनदा मांस. दोघांत मिळून एक वाडगा, म्हणजे एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं, कुणी चोरून उपास करू नये म्हणून. मग घोड्यांची निगा. मग तंबूत कसं झोपायचं...

"थांब," मी म्हटलं. "मागे जा."

"तू मधे बोलणार नव्हतीस."

"नाही बोलत. फक्त ते पुन्हा म्हण. वाडग्याचं."

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी जरा हळू.

"चोरून उपास म्हणजे?"

"म्हणजे नियमापेक्षा जास्त. स्वतःच्या मनाने." ती फरशीकडे बघत होती. "दे वेअरन्ट अलाउड. त्यांना लढायचं होतं ना. एक वीक झाला तर घोड्यावरून पडणार, आणि मग त्याच्या शेजारचा मरणार."

पोळी तव्यावर करपत होती, मला वास आला पण हात हलेना. इतके दिवस मी या पोरीशी भांडले, वडिलांना आणलं, बुद्धाला आणलं, आणि तिच्या शिपायांनीच हे सगळं लिहून ठेवलेलं! मला ओरडावंसं वाटलं, बघ, बघ! पण तिचा चेहरा बघितला आणि तो जिंकायचा मोह मी गिळला. ती रडकुंडीला आली होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हं."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून." आणि मग एकदम मराठीत, लहानपणी बोलायची तसं, "पण मला कुणी जोडीदारच नव्हता."

मी करपलेली पोळी डब्यात टाकली. स्टीलचं मोठं ताट काढलं. एकच. त्यात वरणभात वाढला, पोळ्या, बटाट्याची भाजी, वर तूप. टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "बस. दोघींत एक. नियम म्हणजे नियम."

ती ताटाकडे बघत उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, बाई गं, बस. एवढं कर. पुढे मी काही मागणार नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू सुरू कर," मी म्हटलं, "एवढी एक पोळी टाकते आणि आलेच."

"नो."

"अगं, गरम गरम—"

"नो, आई. रूल. तू कधी बसतेस?"

"काय?"

"तू कधीच बसत नाहीस. बाबा जेवतात, मी जेवते, तू तिथे उभी. मग आमचं झाल्यावर तिथेच, ओट्याशी. करपलेली तू घेतेस. कालचं तू खातेस. चिकनमधला पीस आम्हाला, तुला नुसता रस्सा. मी विचारलं की म्हणतेस, मला भूक नाही. रोज म्हणतेस. आणि लोकांना सांगतेस, आमच्याकडे उपास नसतो." ती आता रडत होती आणि इंग्रजीत बोलत होती. "आय थॉट दॅट्स व्हॉट गुड पीपल डू."

मी गॅस बंद केला.

मला माझी आई आठवली. नागपूरच्या त्या दोन खोल्यांत वडील आम्हा पोरांना गोलात बसवून पोटभर जेवा म्हणायचे, उपासाची टर उडवायचे, आम्ही हसायचो. आई चुलीशी. सगळ्यांचं झालं की परातीला चिकटलेलं खरवडून पाण्याबरोबर गिळायची आणि पदराला हात पुसत म्हणायची, माझं झालं. वडिलांनी घरातून उपास काढला होता, तिच्या ताटातून तो कुणीच काढला नव्हता. आणि मी तिची लेक, गॅसवर, ग्रॅनाइटच्या ओट्याशी, मिशिगनमध्ये, तेच करत होते आणि मला कुणी सांगेपर्यंत पत्ता नव्हता. मला आईसाठी इतकं वाईट वाटलं, की मी तिथेच तोंडावर हात धरला.

मग बसले. लेकीच्या समोर नाही, शेजारी, कारण ताट एकच.

पहिला घास कुणी घ्यायचा यावर दोघी अडलो. शेवटी दोघींनी एकदम घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या. तिला गिळताना त्रास होत होता, डोळे मिटून गिळत होती. मी उगाच छोटे छोटे घास घ्यायला लागले, तिला जास्त उरावं म्हणून, तर हातावर चापट बसली. "दॅट्स चीटिंग."

"बरं बाई."

मी मोठा घास घेतला. तिनेही थोडा मोठा घेतला. माझ्या पोटाला पहिल्यांदा कळलं की मला केवढी भूक लागली होती. कित्येक दिवसांची.

त्या एका जेवणाने सगळं सुटलं असं नाही, बरं का. काउन्सेलर झाली, डॉक्टर झाले, मधे दोनदा पुन्हा घसरण झाली, वर्ष गेलं त्यात. सोमवारचं भाषण तिने दिलं, बसून दिलं. ईस्टर आला आणि गेला, आमचं ताट एकच राहिलं. नवरा म्हणायचा, "मला वेगळं वाढलंय, मी काय पाप केलं?" मग त्यालाही कधीमधी घ्यायचो, पण शिपाई आम्ही दोघीच.

त्या शनिवारी ताट रिकामं झालं नाही. अर्धं झालं. पण ती उठली नाही. डब्यात मघाची ती करपलेली पोळी उरली होती. माझा हात आपोआप तिकडे गेला, रोज जातो तसा. लेकीने ती माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, कचऱ्यात टाकेल. तिने ती मधोमध मोडली, काळा डाग बरोबर अर्धा माझ्याकडे आणि अर्धा तिच्याकडे येईल अशी. माझा तुकडा माझ्यापुढे ठेवला. स्वतःचा तोंडात घातला आणि चावत चावत माझ्याकडे बघत राहिली, मी खाते की नाही ते.